हरळीला पाणी किती पाजायचं?



लवासात, दासवे-मुगावच्या बाजूला बंगल्यांपुढे हिरवळ केलेली दिसते. तिला सगळे लॉनच म्हणतात. आपल्यातल्या काहीजणी तिच्या निगराणीच्या कामाला जातात. काहींच्या स्वतःच्या नव्या घरापुढेही चार पावलं मोकळी जागा असते. म्हणून आज लॉनविषयी बोलू.

हे काम आपल्याला परकं नाही. लॉनसाठी लावतात त्या गवतांपैकी एक आपली हरळीच आहे. शेतात तिच्या काशा वेचून आपली कंबर मोडते आणि गणपतीला दूर्वा म्हणून आपण तीच वाहतो.

लावणी पावसाच्या सुरुवातीला करावी. त्याआधी जमीन खणून दगड आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या. एक गाठ राहिली तरी लव्हाळा पुन्हा फुटतो. मग कुजलेलं शेणखत मिसळून हरळीचे मुळ्या असलेले तुकडे चार-चार बोटांवर लावायचे. मोसे खोऱ्यात उतार फार आणि पाऊस धो धो. म्हणून ओळी उताराला आडव्या घ्या आणि वरून येणारं पाणी चर काढून बाजूला न्या. नाहीतर माती आणि गवत दोन्ही वाहून जातं.

कापणीचा नियम सोपा आहे. तीन बोटं गवत असेल तर एकच बोट कापायचं. एकदम बुडापासून कापलं की मुळं दुबळी होतात आणि तण माजतं. पातं धारदार हवं. उतारावर यंत्र आडवं चालवा. गवत ओलं असताना विजेचं यंत्र लावू नका. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात शिरताना गमबूट घाला आणि आधी काठी आपटा. कापलेलं बारीक गवत तिथेच पसरू द्या, त्याचं खत होतं.

आता पाण्याचं बोलू. एक गुंठा लॉनवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे सुमारे १०० लिटर लागतं. उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटर धरलं, तर २,५०० लिटर झालं. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजलं तर दीडशेहून जास्त हंडे! एप्रिल-मे महिन्यात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून रोज थोडं थोडं शिंपडू नका. तेवढ्याने वरची मातीच भिजते आणि मुळं वरच राहतात. पहाटे, सावकाश, पण खोल भिजेल असं पाणी द्या. मग जमिनीत काडी खुपसून पाहा. वीतभर सहज गेली तर पुरे. पुढचं पाणी कधी द्यायचं ते गवतच सांगतं. चालल्यावर पावलाचा ठसा तसाच राहिला, गवत उभं राहिलं नाही, की त्याला तहान लागली समजा.

आणि हरळी उन्हाळ्यात तपकिरी पडली म्हणजे मेली असं नाही. ती निजलेली असते, पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. गवत दुसऱ्या जातीचं असेल, तर मात्र पाणी तोडण्याआधी नीट चौकशी करा.

खताचंही तसंच. जोराचा पाऊस येणार असेल तर युरिया टाकू नका. तो वाहून खाली वीर बाजी पासलकर जलाशयात, म्हणजे आपल्या वरसगाव धरणात जातो. तेच पाणी पुढे खडकवासल्यात जातं आणि पुणं ते पितं. तणनाशकाची बाटली कोणी हातात दिली, तर आधी तिच्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हातमोजे, तोंडाला फडकं आणि पूर्ण अंगभर कपडे असल्याशिवाय फवारणी नको. हिरवा त्रिकोण असला तरी नको. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी तर त्या कामाला हातच लावू नये. लहान लॉनचं तण खुरप्यानेच निघतं आणि खुरपं आपल्याइतकं कोणाला चालवता येतं?

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्या लॉनवर काम करता ते पावलांनी मोजा, आठवड्याचे हंडे काढा आणि तो आकडा मालकांना सांगा. बसण्या-खेळण्यापुरतं लॉन ठेवू, बाकी जागेत करवंद, जांभूळ लावू, असं सुचवा. मुळं धरली की त्यांना लॉनइतकं पाणी लागत नाही. खुरपणी, कापणी, फवारणी यांची मजुरीही वेगवेगळी ठरवून घ्या. हे जाणकारीचं काम आहे, त्याचा मोल तसाच मागायला हवा.