सायबेरियांतील घड्याळ

मॉस्कोहून व्लादिव्होस्टोकला जाणारा लोहमार्ग ९,२८८ किलोमीटर लांबीचा आहे. १८९१ सालीं आरंभलेलें त्याचें काम १९१६ सालीं अमूर नदीवरील पूल झाला तेव्हां कोठें पुरें झालें. या वाटेवर स्थानिक वेळ मॉस्कोच्या सात तास पुढें जाते. पण ऑगस्ट २०१८ पर्यंत तिकिटें नि स्टेशनांतील घड्याळें मॉस्कोच्याच वेळेनें चालत. मला हें ठाऊक नव्हतें!

त्यापूर्वींच्या एका जूनमध्यें मी रात्रीं दहाची गाडी गांठावयास इर्कूत्स्क स्टेशनावर आलों. फलाट रिकामा. घड्याळांत पांच, तें बंद असावें. गाडी चुकली म्हणावी, तर व्हिसाचे चारच दिवस उरलेले, आणि खिशांत दुसऱ्या तिकिटापुरते पैसे नाहींत. बाकावरच्या एका आजीबाईंना मीं तिकीट दाखविलें. त्यांनीं घड्याळाकडे बोट केलें, मग पांच बोटें दाखविलीं. पांच तास अवकाश होता! मला शेजारीं बसवून त्यांनीं काळ्या पावाचा तुकडा हातीं ठेवला.

गाडी पहांटे तीनला निघाली. डब्यांत कढत पाण्याचा बंब असतो, आपल्या घरच्यासारखाच. त्याच्या पाण्याचा चहा घेतों तों खिडकीबाहेर बैकल सरोवर उजाडलें.