वजन तेच आहे!

पहाटेची शिफ्ट कुणाच्या तरी गळ्यात मारून इथे आलेल्या माझ्या सिस्टर आणि टेक्निशियन मित्रांनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. यजमानांनी काल रात्री पिठलं-भाकरी दिली, आज शाल दिली, दोन्ही ऊबदार. अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो घेते. १९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजचं वेष्टण फिरत्या पिंपावर गुंडाळून डायलिसिसचं पहिलं चालणारं यंत्र केलं. लोकनायक जयप्रकाश नारायण जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर होते, तेव्हा हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला; १९७९ साली ते गेले, मी चौथीत होते. २०१६ चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना यांमुळे आज कर्ज न काढता डायलिसिसवर येणारे पेशंट आपण बघतो. झाला आढावा. कंत्राटी नेमणुका, आरओचं पाणी, डायलायझरचा पुनर्वापर हेही माझ्या कागदावर आहे. वेळ उरला तर बोलेन. उरणार नाही, कारण गेली वीस वर्षं मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, आणि अध्यक्षाच्या हातातला माइक कुणी काढून घेत नाही.

ती गोष्ट म्हणजे वजन.

आपल्या युनिटमध्ये पेशंटचं पहिलं स्वागत काटा करतो. चप्पल काढा, काठी ठेवा, मोबाइल ठेवा. आकडा बघून आपलं पहिलं वाक्य ठरलेलं: "काका, किती पाणी प्यायलात?" दोन डायलिसिसमध्ये वाढलेला एक किलो म्हणजे एक लिटर, हा हिशेब आपल्याला झोपेतही जमतो. पण सहा महिन्यांत माणूस किती उरला, हे लिहायला कार्डावर रकानाच नाही. दोन दिवसांच्या वजनाची आपण उलटतपासणी घेतो, वर्षाच्या वजनाकडे ढुंकूनही बघत नाही.

एक कार्ड मला पाठ आहे. ऊस लावणारे गृहस्थ, वय बेचाळीस, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, ५८. आले ६०, गेले ५८. आले ६०.५, गेले ५८. असे चौदा महिने. नव्या पेशंटसमोर मी त्यांना उभं करायचे, "बघा, असं राहायचं." बीपी मात्र चढत होतं. दुसरी गोळी आली, मग तिसरी. एका रात्री दम लागला, रात्र खुर्चीत काढली, पहाटे आणलं. पुढचे तीन आठवडे आम्ही दर वेळी थोडं थोडं जास्त पाणी काढत गेलो. सूज उतरली, दोन गोळ्या सुटल्या, माणूस सपाट झोपू लागला; तेव्हा काट्यावर होते ५१.५. साडेसहा किलो! अकरा टक्के माणूस झिजून गेला होता आणि त्याच्या जागी तेवढंच पाणी येऊन बसलं होतं. त्या प्रत्येक दिवशी कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, वजन तेच आहे.

त्या खोलीत खरं बोलणारी एकच वस्तू होती, बीपीचा कफ. दर अर्ध्या तासाला मीच तो बांधत होते. सुरुवातीला त्याची चिकटपट्टी जेमतेम टोकाला टेकायची. वर्षभरात ती चार बोटं पुढे सरकली होती. दंड विरघळत होता आणि मी कफ जरा ओढून घेत होते, इतकंच. त्यानंतर तीन महिन्यांनी ते न्यूमोनियात गेले.

या झिजेला तज्ज्ञांनी २००८ साली एक नाव दिलं, आपण त्याला प्रथिन-ऊर्जा ऱ्हास म्हणू. तिच्या खुणांमध्ये एक अशी आहे: मनात नसताना वजन तीन महिन्यांत पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं तर समजा. व्याख्या चांगली आहे. पण माझ्या ऊसवाल्यांचं वजन कागदावर एक ग्रॅमही उतरलं नव्हतं, त्याचं काय करायचं?

आता सकाळच्या सत्रातला वाद. जाड पेशंट जास्त जगतो की नाही? १९८२ साली फ्रान्समधल्या नोंदींतून दिसलं की डायलिसिसवर बारीक माणसं जास्त दगावतात. पुढे २००३ च्या सुमारास याला उलटं गणित म्हणू लागले, कारण बाहेरच्या जगात चरबी वैरी आणि आपल्या खोलीत मैत्रीण. सकाळी एक तरुण मित्र तावातावाने म्हणाले, हा आकड्यांचा खेळ आहे; माणूस आधीच आजारी असतो म्हणून बारीक होतो, बारीक म्हणून मरत नाही. मित्रा, तुझं वाचन माझ्याहून जास्त आहे. पण एका पावसाळ्यात आमच्याकडे दोघांना कॅथेटरमधून जंतुसंसर्ग झाला. खानावळ चालवणाऱ्या एक मावशी, ८१ किलो. आणि एक शिंपीकाका, ४६. तीन आठवडे दोघांच्याही पोटात अन्न टिकलं नाही. मावशी नऊ किलो घालवून परत आल्या आणि पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडल्या. शिंपीकाकांनी चारच किलो घालवले, ते परत आले नाहीत. ज्याच्या घरात कणगी भरलेली, तो एक पावसाळा कोरडा काढू शकतो. माझ्यापुरता वाद तिथे मिटला.

आणि गणितच हवं असेल तर आपल्या मशीनवरचं घ्या. तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर पाणी ओढू नये म्हणतात. चार तासांत ८१ किलोंच्या मावशींचं सव्वाचार लिटरपर्यंत निघतं. ४६ किलोंच्या काकांचं? दोन लिटर चारशे. दोघं तीन-तीन लिटर वाढवून आले, तर मावशी घोरतात आणि काकांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी पडतं. पाणी राहून जातं, आणि ओरडा काकांनाच बसतो.

म्हणून काय, जाड व्हा? तसं नाही. ट्रान्सप्लांटसाठी सर्जन वजन उतरवायला सांगतात, ते ठरवून, जेवून-खाऊन, चालून उतरवावं. कमी केलेलं वजन आणि कमी झालेलं वजन यांत फरक आहे, आणि "वा, बारीक झालात!" असं म्हणण्याआधी तो विचारायला हवा.

आता ज्याचा मला खरा राग आहे, ते सांगते. पथ्याचा कागद.

एका माळकरी गुरुजींच्या पत्नी आमच्याकडे येत. अंडं-मासळी घरात नाही. वजन उतरत चाललेलं, यावेळी निदान काट्यावर दिसत होतं. एका रविवारी त्यांच्या घरी गेले. देव्हाऱ्याशेजारी पथ्याचा कागद लॅमिनेट करून लावलेला, त्यावर कुंकवाचं बोट. डाळी वर्ज्य. पनीर वर्ज्य. दूध अर्धा कप. तारीख डायलिसिस सुरू होण्याआधीच्या वर्षाची. त्या दिवशी तो कागद बरोबरच होता. उरलेली किडनी टिकवायची म्हणून प्रथिनं किलोमागे ०.६ ग्रॅमपर्यंत आणतात. पण मशीन लागलं की हिशेब उलटतो. किलोमागे एक ते १.२ ग्रॅम लागतात, वर एकेका डायलिसिसमध्ये सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात. आपण मशीन लावलं, कागद काढायला विसरलो. डॉक्टरांना वाटलं आहारतज्ज्ञ सांगतील, आहारतज्ज्ञांना वाटलं सिस्टर सांगतील, आणि सिस्टर विचारत होती, पाणी किती प्यायलात?

मी म्हटलं, ताई, आजपासून वरण खायचं. त्या रडायला लागल्या. "सिस्टर, अडीच वर्षांत एक दिवस पथ्य मोडलं नाही हो मी."

पोटॅशियम, फॉस्फरसचं काय, असं मागच्या रांगेतून ऐकू येतंय. आहे ना. भाजी चिरून उकडा, पाणी ओतून द्या. नारळपाणी नको, पापड-लोणचं नको. मीठ आवरलं की तहान आपोआप आवरते. फॉस्फरस अडवणारी गोळी घासाबरोबर घ्या. एवढं समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. "डाळ बंद" म्हणायला दोन सेकंद पुरतात, म्हणून आपण तेच म्हणतो.

तीच गोष्ट मशीनवर खाण्याची. खाल्लं की बीपी पडतं. मान्य, मी पडलेलं पाहिलंय. पण पहिल्या एसटीने निघालेला माणूस दुपारी दोनला घरी पोचतो. आठवड्यातून तीनदा उपास, तोही एकादशीचं पुण्य न मिळता! आमच्या एका युनिटात "डबा आणू नये" अशी पाटी होती. माझ्या शिफ्टला मी त्या पाटीवर टॉवेल वाळत घालायचे. एक रिक्षावाले दादा पहिल्याच तासात, पाठ उंच करून, उकडलेल्या अंड्यांचे दोन पांढरे भाग खायचे. सहा वर्षं खाल्ले. तीनदा बीपी पडलं, तिन्ही वेळा मी पाय वर केले आणि सलाइन दिलं.

शेवटी अध्यक्षाने संकल्प सोडायचे असतात. कार्डावर सहा महिन्यांच्या वजनाचा रकाना हवा. छापायचा कुणी ते कार्यकारिणीत बघू. ड्राय वेट महिन्यातून एकदा नव्याने ठरवावं, डॉक्टरांना कुणीतरी आठवण करावी. कुणी, तेही बघू. जुने पथ्याचे कागद गोळा करायची मोहीम काढावी असं मनात आहे.

तोवर कफ आपल्याच हातात आहे. मी दर पेशंटच्या कार्डाच्या मागे एक रेघ मारते, चिकटपट्टी आज कुठवर आली त्याची. महिन्याने दुसरी रेघ. फार शास्त्रीय नाही, सूज दंडातही येते, मला माहीत आहे. पण रेघ पुढे सरकली की मी काट्याकडे बघत नाही, शेजारी स्टूल ओढते आणि विचारते, "काल रात्री काय जेवलात?"

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. दोन नव्हते, माफ करा. जेवणात आज वरण आहे असं कळलंय.