अर्जाखालची सही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८२ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हाच सांगितलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण आठवणी सांगू नको. त्या सगळेच सांगून राहिले." म्हणून मी आज एका अर्जाबद्दल बोलणार आहे. आपल्या तुकडीत डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, एक जण तर परदेशातून आज मुद्दाम आला आहे. मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसलो आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. काचेच्या पलीकडून रोज एकच प्रश्न यायचा, "सर, माझी स्कॉलरशिप केव्हा येईन?" त्या टेबलापर्यंत मी कसा पोचलो, ते आधी सांगतो.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या मिलचा भोंगा आम्हाला बजेरियात घरात ऐकू यायचा. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर जायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा तसाच घरी परत. दहावीत मला बरे मार्क पडले आणि अकरावी सायन्सला नंबर लागला. तेव्हाची फी आज सांगितली तर तुमची नातवंडं हसतील, पण ती भरायची कुठून हे आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ई.बी.सी. सवलतीचा कागद लागला होता. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांची फी सरकारने भरायची, ही यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेली योजना. तिच्यावर महाराष्ट्रातल्या किती पिढ्या शिकल्या! मी अर्ज आणला, भरला आणि सहीसाठी बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचायला सांगितला. "मी पाल्याची फी भरण्यास असमर्थ आहे" अशा अर्थाचं वाक्य आलं, आणि त्यांनी पेन खाली ठेवला.

"आपन कष्ट करून खातो. असं लिहून देनं मले जमत नाही. तू दुसरं काही पाह्य."

आई रडली, मी रुसलो, पण सही काही झाली नाही. शेवटी मी शाळेत येऊन आपल्या गणिताच्या सरांना सांगितलं. संध्याकाळी सर सायकलने घरी आले. बाबांनी त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली. सर थेट विषयावर आले नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही घासलेट घेता, माचिस घेता, बिडी घेता. सगळ्यात सरकारचा कर असतो. तो तुम्ही किती वर्षांपासून भरून राहिले?"

बाबा म्हणाले, "तो तर सारेच भरतात."

"मग त्यातलेच थोडे पैसे पोराच्या शाळेकडे वापस येत आहेत. दान कोण कोणाला देऊन राहिलं?"

बाबा गप्प. मग सरांनी बाबासाहेबांचं सांगितलं. दीक्षाभूमीच्या गावात ते नाव घेतलं की माणूस ऐकतो. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि बदल्यात शिक्षण संपल्यावर संस्थानाची नोकरी करीन असा करार लिहून दिलेला. सर म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसानेही कागदावर सही केली होती. त्या सहीने ते लहान झाले का?"

बाबांनी सही केली. मोडीसारखी वळणं असलेली, कागद फाटेल इतकी दाबून केलेली ती सही मला आजही दिसते.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

माझ्या बाकावर शेजारी बसणारा मित्र तुम्हा सगळ्यांना आठवतो. नाव घेत नाही, तशी त्याची इच्छा नाही. दहावीत त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. वडील वारलेले, आई इतवारीत धान्य निवडायला जायची. आम्ही दोघं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात गेलो. त्यालाही तोच अर्ज भरायचा होता. पण रेशनकार्ड आजोबांच्या नावावर, आईच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माउली चार वेळा रोजी बुडवून एका सरकारी कार्यालयात गेली. दर वेळी एक नवा कागद मागितला गेला. पाचव्या वेळी ती गेलीच नाही. शेवटची तारीख निघून गेली. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही.

त्या कार्यालयाला मी फार दोष देत नाही. पुढे मी स्वतःच टेबलाच्या त्या बाजूला बसलो. तिथून सगळे कागदच दिसतात, माणूस उशिरा दिसतो. दोष मी मला देतो. शेवटची तारीख मला माहीत होती. माझा अर्ज आठ दिवस आधी गेला होता. नाव वेगवेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र चालतं, हे आपल्या गणिताच्या सरांनी मला सांगितलं होतं. मी त्याला फक्त एवढं विचारायचं होतं, "तुझं झालं का रे?" मी विचारलं नाही. माझं झालं होतं ना!

मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसलो तेव्हा हे मनात होतं. एकतीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: गरीब घरची पोरं फार क्वचित नियमात न बसल्यामुळे अडतात. बहुतेक वेळा ती अडतात कागदात आणि तारखेत. टी.सी.वर एक नाव, आधारवर दुसरं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. ३१ मार्चला त्याची मुदत संपते हे घरी कुणाला माहीतच नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर केलेला. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पुढे आपोआप मिळते अशी समजूत, म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून गेलेलं.

आता सगळं महाडीबीटी पोर्टलवर आहे. रांग गेली, पण अडचणीने फक्त रूप बदललं. पोरगं नेटकॅफेत अर्ज भरतं आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकतं. अर्ज त्रुटीसाठी परत आला की निरोप कॅफेवाल्याला जातो. बँक खातं असतं, पण ते आधारशी जोडलेलं नसतं. मग मंजूर झालेला पैसाही वाटेतच अडकतो. एक मुलगी तीन महिने रोज विचारायला यायची. शेवटी निघालं काय, तर आधार जोडलेलं होतं लहानपणी उघडलेल्या जुन्या खात्याला, आणि पैसे तिथे येऊन पडले होते. ती माझ्यासमोर बसून हसली आणि मग रडली.

सवलती कमी नाहीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, घरापासून दूर राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे. २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. आपल्या शाळेतल्या किती मुलींच्या आईबापांना हे माहीत आहे? मागच्या जूनमध्ये शाळेत येऊन मी दहावीच्या पालकांना विचारलं. मोजून चार हात वर आले.

आपल्या मेळाव्याच्या पत्रिकेत विद्यार्थी निधीचं आवाहन आहे. जरूर द्या. हे देणाऱ्यांचं गाव आहे. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ मध्ये एलआयटी उभी राहिली, आणि कितीतरी पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या. पण आपण सगळे मिळूनही तेवढे श्रीमंत नाही. आपला निधी वर्षाला दहा मुलांची फी भरेल. सरकारच्या खात्यात मात्र आपल्या शाळेच्या शंभर मुलांचा हक्काचा पैसा पडून आहे, आणि तो आणायला फक्त कुणीतरी शेजारी बसायला हवं आहे.

म्हणून मी तुमच्याकडे पैसे मागत नाही, रविवार मागतो. जूनचे दोन आणि जुलैचे दोन. शाळेची संगणक खोली द्यायला मुख्याध्यापिका बाई तयार आहेत. दहा माजी विद्यार्थी पुरेत. आधी कागद तपासायचे: नाव सगळीकडे सारखं आहे का, दाखल्याची मुदत आहे का, खातं आधारशी जोडलं आहे का. मग अर्ज मुलाच्या स्वतःच्या हाताने, घरच्याच मोबाइल नंबरवर भरून घ्यायचा. आणि एक वही ठेवायची, कुणाचा अर्ज कुठे पोचला याची. पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचं, "तुझं झालं का रे?" काम एवढंच आहे. मी चारही रविवारी असणार आहे. माझं नाव त्या वहीत पहिलं लिहिलं आहे, खाली नऊ ओळी रिकाम्या आहेत. वही बाहेर, चहाच्या टेबलावर ठेवली आहे.

शेवटचं सांगतो. तो बाकावरचा मित्र आज इथे नाही. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा मी त्याला बोलवायला गेलो होतो. तो चाकाची आरी नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, "अबे, तिथे सगळे शिकलेले लोक राहतीन. मी काय सांगू तिथे?" मी त्याला रविवारच्या कामाचं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "नावाचं स्पेलिंग दोन जागी वेगळं असलं तं काय करावं लागते, हे तेवढं पोरांना पहिलेच सांगजो."

हो म्हणालो आहे. तो शब्द मला पाळायचा आहे, आणि त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे.