साबणाचे फुगे टिपणारीं दोन भिंगें



छायाचित्रकारांच्या बोलण्यांत अलीकडे 'बोके' हा जपानी शब्द वारंवार येतो. दुधावर टपून बसणाऱ्या आपल्या घरच्या बोक्यांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. चित्रांतील जो भाग फोकसमध्यें नसतो, त्याच्या अस्पष्टपणाचें जें रूप दिसतें, त्याला हें नांव आहे. आज ज्या भिंगाविषयीं मी बोलणार आहें, त्याची कीर्ति त्याच्या स्पष्टपणामुळें नव्हे, तर अस्पष्टपणामुळेंच झाली आहे.

पहाटेच्या दंवानें भिजलेल्या गवतांत एखादें रानफूल आहे, आणि त्याच्या मागें दंवाचे थेंब कोंवळ्या उन्हांत चमकत आहेत, अशी कल्पना करा. साधारण भिंगानें चित्र घेतलें तर मागच्या थेंबांच्या मऊ चकत्या उमटतात. परंतु ट्रायोप्लान नांवाच्या भिंगानें तेंच चित्र घेतलें, कीं प्रत्येक थेंबाचा एक फुगा होतो. आंत जवळजवळ पोकळ आणि कडेला तेजस्वी वळें. मुलें साबणाच्या पाण्यांत नळी बुडवून फुंकतात, तसे ते फुगे चित्रभर तरंगत असतात.

हें भिंग गोर्लिट्झ या, जर्मनीच्या अगदीं पूर्व सीमेवरील नायसे नदीकांठच्या गांवचें. ह्यूगो मायर यांनीं तेथें १८९६ सालीं भिंगांचा कारखाना काढला. भिंगाची मूळ रचना मात्र इंग्रजी आहे. यॉर्क येथील कुक यांच्या कारखान्यांतील डेनिस टेलर यांनीं १८९३ सालीं तिचें पेटंट घेतलें. बाहेरचीं दोन बहिर्गोल आणि मधलें एक अंतर्गोल, अशीं तीनच भिंगें. इतक्या थोड्या कांचेंत इतके दोष आवरणारी दुसरी युक्ति क्वचितच असेल.

आतां फुगे कां होतात तें पाहूं. साध्या बहिर्गोल भिंगाच्या कडेनें येणारे किरण अधिक वांकतात आणि मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र मिळतात. मधलें अंतर्गोल भिंग हा दोष सुधारतें. ट्रायोप्लानमध्यें, छिद्र पूर्ण उघडें असतां, ही सुधारणा थोडी प्रमाणाबाहेर जाते. कडेचे किरण उलट उशिरा मिळतात. त्यामुळें मागच्या वस्तूच्या चकतींत त्यांचा पसारा असावा त्यापेक्षां कमी राहतो, आणि ते आंतील किरणांना येऊन मिळाल्यानें कडेला प्रकाशाची दाटी होते. तीच दाटी म्हणजे फुग्याची कड. फोकसच्या पुढें असलेल्या वस्तूंच्या बाबतींत नेमकें उलट घडतें व चकत्यांच्या कडा विरून जातात. तेव्हां फुगे हवे असतील, तर दंव फुलाच्या मागेंच असावें लागतें!

सारांश, फुगा हा हिशेबांतील दोषच. दुसऱ्या महायुद्धानंतर गोर्लिट्झ पूर्व जर्मनींत गेलें. १९६० नंतर तेथें ओरेस्टॉर नांवाचें अधिक सुधारलेलें भिंग निघालें आणि ट्रायोप्लान मागें पडलें. जन्मभर मुलांच्या चुकांवर लाल शाई ओढणाऱ्या मला गंमत वाटते ती ही, कीं अर्धशतकानें लोक त्या चुकेसाठींच जुनें भिंग शोधूं लागले.

ही ओढ पाहून एका जर्मन कंपनीनें, मायर हेंच नांव घेऊन, २०१५ सालीं किकस्टार्टर या इंटरनेटवरील स्थळीं लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन १०० मिलिमीटरचें ट्रायोप्लान पुन्हा बनविण्याचें ठरविलें. तें बनलेंहि. पुढें अशा योजनांवर योजना निघाल्या. २०१८ सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें, आणि ज्यांचीं भिंगें हातीं आलीं नव्हतीं अशा अनेकांचे पैसे बुडाले. नांव दुसऱ्या एका जर्मन कंपनीनें विकत घेतलें. तिनें भिंग पुन्हा बाजारांत आणलें, जुन्यांचें देणें मात्र पत्करलें नाहीं. मला ही गोष्ट फुग्यांपेक्षां अधिक महत्त्वाची वाटते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे जुनें व नवें अशीं दोन्ही आहेत. एके सकाळीं त्याच्या अंगणांत आम्हीं तीं ताडून पाहिलीं. दोन्ही १०० मिलिमीटरचीं, दोन्हींत तीन कांचा, दोन्हींचें छिद्र एफ २.८, आणि पंधरा पात्यांमुळें तें गोलच राहतें. पूर्ण उघड्या छिद्रांत फुग्यांच्या आकारांत मला फरक आढळला नाहीं. चित्राच्या कोंपऱ्यांत दोघांचेहि फुगे चेपून बदामी होतात. छिद्र एफ ५.६ केलें, कीं दोघांचेहि फुगे मावळतात. फरक आहे तो सभोंवतालच्या प्रकाशांत. जुन्या कांचेवरील लेप साधा, नव्या कांचेवर अनेक थरांचा. सूर्य समोर येतांच जुन्यावर पांढुरकें धुकें पसरतें, काळें काळें राहत नाहीं. नव्याची पार्श्वभूमि गडद राहून फुग्याची कड उठून दिसते. दंवासाठीं मी नवेंच घेईन. वृद्ध माणसाच्या चेहऱ्यासाठीं मात्र जुन्याचें धुकें दयाळू आहे. माझ्या स्वतःच्या चित्रावरून सांगतों!

एक सावधगिरी. जुन्या भिंगांपैकीं एकाच्या आंत धूळ, दुसऱ्याच्या पात्यांवर तेल, तिसऱ्याच्या कांचेवर ओरखडा, असा प्रकार असतो. म्हणून एका नगावरून सर्वांचा निकाल देऊं नये. आणि ज्यांना एवढा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं पूर्वीं स्लाइड दाखविण्याच्या यंत्रांत बसविलेलें डायाप्लान नांवाचें भिंग शोधावें. तेंहि गोर्लिट्झचेंच, तेंहि तीन कांचांचें. त्याला छिद्राचीं पातीं नसतात, तें नेहमीं उघडेंच. कॅमेऱ्यावर बसवावयास एक नळकांडें जुळवून घ्यावें लागतें. माझ्या विद्यार्थ्यानें सुरुवात त्यापासूनच केली होती, आणि तें नळकांडें अजून त्याच्या कपाटांत आहे.