'केस' म्हणजे नेमकं काय?

(धडगाव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)

आज एका साध्या इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. 'केस'. मराठीत केस म्हणजे डोक्यावरचे. पण इंग्रजी 'केस'ही अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांपर्यंत केव्हाच पोचली आहे आणि दर दारात तिचा अर्थ बदलतो. दवाखान्यात अडलेली बाळंतीण ही 'केस'. पोलीस ठाण्यात केस म्हणजे गुन्हा, कोर्टात खटला. समाजकार्याच्या अभ्यासात मी 'केसवर्क' शिकले. तिथे समोर बसलेली बाईच केस!

डोक्याला टाके पडलेल्या एका बाईला मी विचारलं, "केस केली का?" ती म्हणाली, "केली ना, ताई." पदराच्या गाठीतून तिनं दवाखान्याचा केसपेपर काढला. तिच्या लेखी केस झाली होती. दुसरीकडे पोलिसांचा कागद होता, पण ती होती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. ती मात्र तपासाची वाट पाहत बसली होती.

तिसरीच्या बाबतीत चूक माझी. "केस करायची का?" म्हटल्यावर ती "नको" म्हणाली. मी वहीत लिहिलं, 'बाईची तयारी नाही.' पुढे कळलं, केस म्हणजे नवरा तुरुंगात, असंच तिला वाटलं होतं. मग पेरणी कोण करणार? तिला मार थांबायला हवा होता आणि घरात राहायचं होतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात नेमकं हेच मागता येतं: संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे. त्यासाठी आधी नवऱ्याला अटक व्हावी लागत नाही. संरक्षणाचा आदेश त्यानं मोडला, तर मात्र तो गुन्हा. माझ्या एका शब्दापायी तिचा हा मार्ग बंद झाला होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की "केस करायची का?" हा प्रश्नच आपण सोडून देऊ. विचारू, "बाई, तुला काय हवंय?" मार थांबायला हवा, घर हवं, पोटगी हवी, की त्याला शिक्षा व्हायला हवी? मग कुठलं दार ठोठवायचं ते ठरवू: संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणं की कोर्ट. आणि हातातला कागद कसला आहे, तो तिच्या भाषेत, भिलीत, पावरीत, वाचून दाखवू.

त्या तिसरीनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "नवऱ्यानं केस धरून घराबाहेर ओढलं." माझ्या वहीत केसचा नंबर आहे, हे वाक्य नाही. यापुढे आधी तिचं वाक्य लिहू, नंबर नंतर.