आधी बॅटरी काढा



आपल्या कोकणातल्या आंब्या-काजूच्या बागांना बांडगुळानं किती पिडलं आहे, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. पक्षी त्याची फळं खातात, चिकट बी फांदीवर लागतं आणि बांडगूळ रुजतं. वरवर पाला ओरबाडून ते जात नाही, कारण त्याची मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात. ते जिथं चिकटलंय त्याच्या खालून फांदीच कापावी लागते. हे काम आमच्या बचत गटानं अंगावर घेतलं आणि त्यासाठी बॅटरीवर चालणारी छोटी चेनसॉ घेतली. हलकी, एका हातात मावणारी. पेट्रोलचा वास नाही, दोरी ओढून चालू करायची कटकट नाही, कानठळ्या बसत नाहीत. आम्ही खूश होतो.

तिसऱ्याच दिवशी चेनमध्ये ओला भुसा अडकला. मी करवत मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं भुसा काढायला लागले. उजव्या हातात मूठ होतीच. करवत गप्प होती, म्हणजे बंद आहे असं मी धरून चालले. मूठ घट्ट धरताना अंगठा लॉकच्या बटणावर गेला, बोट खटक्यावर गेलं, आणि चेन फिरली. क्षणभरच. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला तीन टाके पडले. जखम भरली, पण आजही तांदूळ निवडताना त्या बोटाला खडा कळत नाही.

म्हणून आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल. पेट्रोलची करवत चालू असली की ओरडून सांगते. बॅटरीची करवत गप्प असते, तरी ती तयारच असते. तेव्हा चेनला हात लावायच्या आधी बॅटरी काढा. भुसा काढायचा, चेन ताणायची, तेल सोडायचं, दात घासायचे, दुसरीच्या हातात द्यायची, एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जायचं, प्रत्येक वेळी आधी बॅटरी बाहेर. नुसता खटका सोडला म्हणजे करवत बंद झाली असं नाही.

आता कामाला निघायची तयारी. पदर नीट खोचा. ओढणी, लांब मंगळसूत्र, हातातल्या बांगड्या घरी ठेवा. केस बांधा. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट, हातात घट्ट बसणारे मोजे आणि पायात बूट हवेत. चपलेवर हे काम नाही. मुलं आणि गुरं लांब ठेवा. वर विजेची तार जात असेल, तर त्या फांदीला हात लावू नका, महावितरणला कळवा. आणि लक्षात ठेवा, आपण फांद्या कापतोय. अख्खं झाड तोडायचं असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशा झाडांना आधी परवानगी लागते.

दोन्ही पाय जमिनीवर ठेवून हात जिथवर पोचतो, तेवढंच आपलं काम. खांद्याच्या वर करवत उचलायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही. उंचावरची फांदी लांब दांड्याच्या करवतीवर किंवा जाणत्या माणसावर सोडा.

कापताना पट्टीच्या टोकावर नजर ठेवा. टोकाचा वरचा भाग कशाला लागला, की करवत झटका देऊन वर, तोंडाकडे उसळते. म्हणून टोकानं कापायचं नाही, आणि आपलं डोकं पट्टीच्या रेषेत ठेवायचं नाही. मोठी करवत असेल, तर दोन्ही हातांनी धरा, अंगठा मुठीभोवती गुंडाळलेला असू द्या. तिच्या पुढच्या मुठीसमोर जे कवच असतं, तोच ब्रेक. रोज काम सुरू करण्याआधी तो चालतो का, ते बघा. लहान करवतीत दुसरा हात फांदीवर ठेवायचा मोह होतो. तो हात चेनपासून दूर ठेवा.

जड फांदी एका घावात कापली, तर ती मोडताना खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून खोडापासून वीतभर पुढे आधी खालून थोडी खाच घ्या. मग त्याच्या जरा पुढे वरून कापा. फांदी पडली की उरलेला खुंट काढा. खोडाला लागून फांदीची जी फुगीर कड असते, ती कापू नका. झाड तिथूनच आपली जखम भरून काढतं. फांदी कुठं पडणार आणि आपण मागं कुठं सरणार, हे कापायच्या आधी ठरवा. वाऱ्यानं पडलेली, दोन्हीकडून अडकून ताण बसलेली फांदी कापताना उसळते. तिच्या वाटेला जाऊ नका.

आता निगा. बॅटरी काढलीत ना? मग झाकण उघडून ब्रशनं भुसा काढा. पट्टीची खाच साफ करा. करवत पाण्यानं धुवायची नाही. चेन थंड असताना ताण बघा. ती पट्टीला खालून टेकलेली हवी, पण मोजे घातलेल्या हातानं ओढली की सहज सरकली पाहिजे. लोंबत असेल, तर कामात निसटते. तापलेली चेन ताणू नका. थंड झाली की आक्रसते आणि पट्टीला आवळते. नवी चेन लवकर सैल पडते, तिच्याकडे वरचेवर बघा. तेलाशिवाय चेन चालवू नका. काही करवतींना तेलाची टाकी असते, काहींना हातानं थेंब सोडावे लागतात. तेल चेनचंच घ्या, गाडीतून काढलेलं काळं तेल नको.

धार गेली, हे करवत स्वतःच सांगते. धार असेल तर लाकडाचे चांगले तुकडे उडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला आणि आपल्याला जोर लावावा लागला, की समजा दात बोथट झालेत. योग्य मापाच्या गोल कानशीनं प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. एका बाजूचे दात जास्त घासले, तर करवत तिरकी जाते.

बॅटरी उन्हात, बंद गाडीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. कामावरून आल्यावर गार होऊ द्या, मग तिच्याच चार्जरला लावा. अंथरुणावर किंवा पेंढ्याजवळ चार्जिंग नको. फुगलेली, भिजलेली किंवा चिरलेली बॅटरी परत वापरू नका.

एवढं करूनही लागलंच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. हळद, चुना काही भरू नका. १०८ ला फोन करा. म्हणूनच या कामाला एकटीनं जायचं नाही.

माझ्या बोटानंतर आमच्या गटानं एक रीत पाडली. करवतीला हात लावणारी विचारते, "बॅटरी?" जोडीदारीण ती वर उचलून दाखवते, "ही माझ्याकडे." मगच कामाला हात लागतो. पहिल्यांदा आम्हालाच हसू यायचं. आता कुणी हसत नाही, आणि तेव्हापासून कुणाला टाकाही पडलेला नाही. तुमच्या गटातही ही रीत पाडून बघा.