उपग्रहाचा नकाशा आणि कसणाऱ्याची जमीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



जमिनीचा नकाशा ज्याच्या हाती, जमीनही बहुधा त्याच्याच हाती, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. उपग्रहांमुळे ही परिस्थिती पालटली काय, याचा विचार केला पाहिजे.

१९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट आणि १९८८ साली भारताचा पहिला आयआरएस उपग्रह अवकाशात गेला. अवकाशातील छायाचित्रांवरून विस्तीर्ण प्रदेशांचे नकाशे त्वरेने तयार होऊ लागले. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर चित्रांची विक्री खाजगी कंपनीकडे गेली. एकेका चित्राची किंमत हजारो डॉलरांवर पोहोचली आणि वापर रोडावला. २००८ साली ती विनामूल्य करण्याचा निर्णय झाला, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने सर्वांची झाली.

परंतु चित्र खुले झाले म्हणजे न्याय मिळाला, असे होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासीचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा सिद्ध व्हावा लागतो. तेथे जुने उपग्रहचित्र साक्षीला येते. गुजरातेत आदिवासींनी आपल्या दाव्यांच्या समर्थनार्थ त्याचा उपयोग केला. उलट, चित्रात शेती दिसत नाही म्हणून दावे फेटाळलेही गेले.

येथे साधा हिशेब करावा. २००३ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ या भारतीय उपग्रहावरील लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरील सुमारे २३.५ मीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्याचा असतो. म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. साऱ्या तुकड्याला रंग मात्र एकच. उतारावर झाडांमधून नाचणी-वरी घेणाऱ्याचे शेत अशा चित्रात जंगलाच्या रंगात मिसळून जाते. चित्र खोटे नसते. त्याची दृष्टी जाड असते. त्या जाड दृष्टीचा भुर्दंड अल्पभूधारकालाच पडतो, मोठ्या बागायतदाराला नव्हे.

म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही. बांध, विहीर, झोपडी, वृद्धांचे लेखी जबाब, हे सारे कायद्याने मान्य केलेले पुरावे आहेत.

तेव्हा दावा फेटाळला गेल्यास कार्यकर्त्याने विचारावे: चित्र कोणत्या उपग्रहाचे? कोणत्या तारखेचे? ठिपका किती मीटरचा? प्रत्यक्ष स्थळपाहणी झाली काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. आकाशातून काढलेल्या नकाशावर शेवटची रेघ गावाने जमिनीवर उभे राहून ओढली पाहिजे.